पेन्शनरांची संघटना : लढा विलंबाशी

महापालिकेचा कर्मचारी कामावर असतो तोवर त्याच्या हाती एक शस्त्र असते. सफाई कामगाराने झाडू खाली ठेवला की तिसऱ्या दिवशी चौकाचौकात कचऱ्याचे ढीग दिसू लागतात. पाणीपुरवठा विभागातील चावीवाल्याने काम थांबविले तर पेठेतल्या नळांना पाणी येत नाही. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हे शस्त्र गळून पडते. पेन्शनर संपावर जाऊ शकत नाही, आणि गेला तरी शहराचे काही अडत नाही. मान्यताप्राप्त कामगार संघटनेला वाटाघाटीच्या टेबलाशी बसण्याचा जो हक्क कायदा देतो, तोही निवृत्तांच्या संघटनेला नाही. तरीही राज्यातील लहानमोठ्या शहरांत अशा संघटना वर्षानुवर्षे काम करीत आहेत. त्या कशाच्या बळावर चालतात, आणि येत्या काळात चालू शकतील काय, हा प्रश्न आठव्या वेतन आयोगाच्या निमित्ताने पुन्हा पुढे आला आहे.

हा प्रश्न केवळ शहराचा नाही. पुण्याला ‘पेन्शनरांचे शहर’ म्हणण्याची रीत जुनी असली, तरी शहरात तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून गावच्या घराकडे परतणारा वर्गही मोठा आहे. शिरूर तालुक्यातील केंदूर हे संत कान्हूराज पाठक यांचे गाव. पाबळच्या शेजारचा हा पट्टा कमी पावसाचा. शेतीच्या उत्पन्नाचा भरवसा नसल्याने अशा भागातील घरांना शहरातल्या नोकरीचा आणि पुढे पेन्शनचा आधार वाटत आला आहे. शिक्रापूरला येऊन नगर रस्त्याने पुणे गाठायचे, शिवाजीनगरला महापालिकेच्या मुख्य इमारतीत योग्य टेबल शोधायचे आणि ‘साहेब मीटिंगला गेले आहेत’ हे ऐकून परतायचे, यात सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा अख्खा दिवस जातो. अशा माणसासाठी संघटना म्हणजे मोर्चा आणि घोषणा नव्हेत. आपले प्रकरण कोणत्या टेबलावर अडले आहे, हे सांगणारे आणि जमल्यास ते पुढे सरकवणारे कोणीतरी शहरात असणे, हा तिचा अर्थ आहे.

तीन पायऱ्यांची वाट

महापालिकेचा निवृत्त कर्मचारी राज्य सरकारचा पेन्शनर नसतो, ही बाब पुष्कळदा विसरली जाते. राज्य कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन राज्याच्या तिजोरीतून येते. महापालिका कर्मचाऱ्याचे पालिकेच्या अर्थसंकल्पातून. नियम बहुतांशी १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांच्या धर्तीवर चालतात, पण पैसा आणि निर्णय स्थानिक असतो. त्यामुळे प्रत्येक लाभ तीन पायऱ्या उतरून खाली येतो. केंद्र सरकार महागाईची वाढ जाहीर करते, काही काळाने राज्य ती स्वीकारते, आणि त्यानंतर महापालिका आपल्या आर्थिक स्थितीकडे पाहून परिपत्रक काढते. नगरपरिषदांची अवस्था आणखी बिकट. त्यांच्याकडील वेतन आणि निवृत्तिवेतन राज्याकडून मिळणाऱ्या सहायक अनुदानावर अवलंबून असल्याने, अनुदान लांबले की पेन्शनही लांबते.

सातव्या वेतन आयोगाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. केंद्राने तो १ जानेवारी २०१६ पासून लागू केला. राज्य कर्मचाऱ्यांना त्याचा प्रत्यक्ष लाभ जानेवारी २०१९ पासून मिळू लागला. पुणे महापालिकेच्या प्रस्तावाला राज्य शासनाची मान्यता मिळाली ती २०२१ मध्ये. निवृत्तांच्या सुधारित निवृत्तिवेतनाची आकारणी त्यानंतरच मार्गी लागू शकत होती, आणि फरकाच्या रकमा तर हप्त्याहप्त्याने द्यावयाच्या. २०१६ च्या आरंभी पंचाहत्तर वर्षांचा असलेला माणूस २०२१ मध्ये ऐंशीचा झाला. कागदावर त्याचा एक रुपयाही बुडालेला नाही, कारण लाभ मागील तारखेपासून आहे. पण या पाच वर्षांत जे गेले, त्यांच्या वाट्याला ती रक्कम हयातीत आली नाही. वारसांनी ती मिळवायची तर वारसदाखला, बँकेची कागदपत्रे आणि पुन्हा तीच टेबले.

महापालिकांच्या तिजोरीचे स्वरूपही या काळात पालटले. जकात हा रोजच्या रोज हाती येणारा पैसा होता. पुण्यात २०१३ मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर स्थानिक संस्थांना भरपाई देण्यासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. भरपाई येते, पण ती राज्याकडून येते. ज्या संस्थेचे उत्पन्न दुसऱ्याच्या हातात आहे, तिच्या खर्चाच्या यादीत सर्वांत मुकाट्याने थांबू शकणारा घटक कोणता, तर निवृत्त कर्मचारी. ठेकेदाराचे बिल थकले की तो काम थांबवतो. पेन्शनर काहीच थांबवू शकत नाही.

नेमकी याच काळात आणखी एक अडचण झाली. मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपल्यानंतर पुणे महापालिकेवर प्रशासकाचा कारभार होता. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. निवृत्तांच्या संघटनांचे कामकाज वर्षानुवर्षे नगरसेवकांच्या आधाराने चालत आले आहे. स्थायी समितीत विषय काढणारा, सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारणारा एखादा सदस्य हाच त्यांचा आवाज. जवळजवळ चार वर्षे हा आवाज नव्हता. आता सभागृह पुन्हा अस्तित्वात आले असताना प्रलंबित प्रकरणांचा लेखाजोखा त्याच्यापुढे मांडणे, हे संघटनांचे पहिले काम ठरते.

हक्क मिळाला न्यायालयात

पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हे तत्त्व भारतात न्यायालयांनी प्रस्थापित केले. देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच निवृत्तिवेतन ही कर्मचाऱ्याची मालमत्ता असल्याचे म्हटले होते. त्यावर कळस चढला १७ डिसेंबर १९८२ रोजी, डी. एस. नाकारा खटल्यात. ३१ मार्च १९७९ या तारखेच्या अलीकडे निवृत्त झालेले आणि पलीकडे निवृत्त झालेले असा भेद करून नव्या उदार सूत्राचा लाभ केवळ नंतरच्यांना देण्याचा केंद्राचा निर्णय पाच न्यायमूर्तींच्या पीठाने समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविला. निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले, तर पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड. चंद्रचूड घराण्याचे मूळ गाव कन्हेरसर हे खेड तालुक्यात, केंदूर-पाबळच्याच परिसरात आहे. देशभरच्या पेन्शनरांना एका पंक्तीत बसविणाऱ्या निकालाशी या दुष्काळी पट्ट्याचे असे नाते आहे. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो तो या निकालामुळेच.

या खटल्यातील एक तपशील संघटनांच्या दृष्टीने महत्त्वाचा. अर्जदारांत निवृत्त अधिकाऱ्यांच्या जोडीला ‘कॉमन कॉज’ ही एच. डी. शौरी यांनी स्थापन केलेली नोंदणीकृत संस्थाही होती. एकेकट्या वृद्धाला न्यायालयाची पायरी चढणे परवडत नाही. संस्थेने त्याच्या वतीने यावे, हे न्यायालयाने मानले. याच संस्थेच्या दुसऱ्या याचिकेमुळे, निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतलेल्यांना, म्हणजे अंशराशीकरण केलेल्यांना, तो भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत मिळू लागला. डिसेंबर २०१४ च्या रफिक मसीह निकालाने, चुकून जादा दिलेल्या वेतनाची वसुली निवृत्तांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून करण्यास मज्जाव केला. २०१३ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात कायद्याच्या आधाराशिवाय पेन्शन रोखता येत नाही, असेही न्यायालयाने बजावले.

म्हणजे हक्काच्या बाजूने निकालांची कमतरता नाही. अडचण अशी, की न्यायालय हक्क सांगते. वेळापत्रक पाळून घेणे मात्र त्याला सहसा जमत नाही. एखाद्या विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन आठ महिने अडले, तर तिच्यासाठी उच्च न्यायालयात जाणे हा उपाय होत नाही. निकालाची प्रत हाती घेऊन लेखा विभागात जाणारा, ‘या परिच्छेदानुसार ही वसुली होत नाही’ असे नम्रपणे सांगणारा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येणारा माणूस हवा. तो माणूस संघटना पुरवते.

नव्या शंका

नाकारा निकालाचा आधार अभेद्य आहे, असे चार दशके मानले गेले. मार्च २०२५ मध्ये वित्त विधेयकासोबत संसदेने केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांना वैधता देणाऱ्या तरतुदी मंजूर केल्या. पेन्शनरांमध्ये वर्गवारी करण्याचा, आणि निवृत्तीच्या तारखेच्या आधारे भेद करण्याचा अधिकार केंद्राला असल्याचे त्यात नमूद आहे. सध्याच्या पेन्शनमध्ये यामुळे कोणताही बदल होत नाही, ही केवळ जुन्या धोरणाची पुष्टी आहे, असे अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले. पेन्शनर संघटनांचे समाधान झालेले नाही. पाठोपाठ २०२५ च्या अखेरीस न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा जाहीर झाली. कर्मचाऱ्यांच्या अंशदानाशिवाय चालणाऱ्या पेन्शन योजनांचा निधीविना असलेला भार विचारात घ्यावा, असे तीत म्हटले आहे. आयोगाला अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत आहे.

या तरतुदी केंद्रीय पेन्शनरांच्या आहेत. महापालिकेच्या निवृत्तांना त्या थेट लागू नाहीत. तथापि तीन पायऱ्यांची ती वाट येथे आठवली पाहिजे. केंद्राचे सूत्र आधी राज्यात आणि मग पालिकेत उतरते. जुन्या आणि नव्या पेन्शनरांत अंतर ठेवण्याचे धोरण वर स्वीकारले गेले, तर खाली ते अधिक आनंदाने स्वीकारले जाईल, कारण खालच्या तिजोरीत पैसा कमी आहे. सातव्या आयोगाच्या वेळी प्रश्न ‘केव्हा’ इतकाच होता. या वेळी ‘कोणाला’ हाही प्रश्न असू शकतो.

डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क

शहर आणि त्याचे निवृत्त सेवक यांचे नाते ताणले गेले की काय होते, याचे दोन धडे अमेरिकेत पाहावयास मिळाले. डेट्रॉइट शहराने १८ जुलै २०१३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वर्षाअखेर न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी दिवाळखोरीत पेन्शनही कापता येते, असा निर्णय दिला. राज्यघटनेने दिलेल्या संरक्षणाचा आधार तिथेही होता. तो पुरला नाही. निवृत्त शहर कर्मचाऱ्यांच्या संघटनेपुढे तेव्हा दोन मार्ग होते. अखेरपर्यंत खटला लढायचा, किंवा वाटाघाटी करून कपात कमीत कमी करून घ्यायची. शर्ली लाइटसी यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने दुसरा मार्ग पत्करला. राज्य सरकार, धर्मादाय प्रतिष्ठाने आणि शहराचे कलासंग्रहालय यांनी मिळून उभ्या केलेल्या निधीमुळे कलाकृतींचा लिलाव टळला. सामान्य निवृत्तांच्या पेन्शनमधील कपात साडेचार टक्क्यांवर आली, मात्र महागाईनुसार होणारी वार्षिक वाढ गेली. सभासदांनी २०१४ मध्ये मतदान करून ही कडू गोळी गिळली.

न्यूयॉर्कचा प्रसंग निराळा. तेथील महापालिकेने २०२१ मध्ये निवृत्तांचा आरोग्यविमा खासगी कंपनीमार्फत चालणाऱ्या योजनेत नेण्याचे ठरविले. कामावर असलेल्यांच्या मोठ्या संघटनांनी त्याला संमती दिली होती. निवृत्तांचे हित आपल्या संघटनेच्या हिताहून वेगळे असू शकते, हे तेव्हा निवृत्तांच्या ध्यानात आले आणि मरियान पिझ्झिटोला यांच्या पुढाकाराने स्वतंत्र संघटना उभी राहिली. चार वर्षे खटले चालले. जून २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय महापालिकेच्या बाजूने दिला, आणि त्यानंतर काही दिवसांतच महापौरांनी ही योजना राबविणार नसल्याचे जाहीर केले. संघटना खटला हरली, पण तिने चार वर्षे जी जनमताची भिंत उभी केली होती ती टिकली.

आपल्याकडे महापालिकेची दिवाळखोरी जाहीर करण्याची कायद्यात सोय नाही. त्यामुळे पेन्शनमध्ये साडेचार टक्के कपात, असा उघड ठराव येथे कधी होणार नाही. पण कपात होतच नाही असे नव्हे. ती विलंबाच्या रूपाने होते. महागाईची वाढ सहा महिने उशिरा, वेतन आयोग पाच वर्षे उशिरा, फरक हप्त्यांनी, वैद्यकीय बिल पुढच्या आर्थिक वर्षात. डेट्रॉइटच्या पेन्शनरला निदान मतपत्रिका मिळाली. येथे विलंबावर कोणी मत मागत नाही, आणि त्याची बेरीजही कोठे मांडली जात नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या बाबतीत उशीर आणि नकार यांत फारसा फरक उरत नाही, हे ध्यानात घेतले तर निवृत्तांच्या संघटनेचे खरे काम स्पष्ट होते. नव्या मागण्या मान्य करून घेण्याइतकेच, मान्य झालेले वेळेत मिळवून देणे हे तिचे काम आहे.

संघटना चालते कशी

हे काम दिसायला किरकोळ असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांनी एकत्र येऊन नोंदणी करायची आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नाव लावायचे. दर वर्षी वार्षिक सभा, इतिवृत्त, लेखापरीक्षण. कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज. येथेच अनेक जुन्या संस्था अडकतात. अध्यक्ष निवर्ततात, चिटणीस मुलाकडे परगावी जातात, बदल अर्ज राहून जातो. मग धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी कार्यकारिणी वेगळी आणि प्रत्यक्षात वेगळी, अशी स्थिती होते. बँक खात्यावरच्या सह्या चालत नाहीत आणि न्यायालयात संस्थेच्या वतीने कोणी उभे राहिले, की प्रतिपक्षाचा पहिला आक्षेप त्याच्या अधिकारावरच येतो. ज्या पिढीने आयुष्यभर महापालिकेच्या फायली नीट ठेवल्या, तिने स्वतःच्या संस्थेची फाइल अपुरी ठेवावी, हा विरोधाभास महागात पडतो.

खरे भांडवल असते ते सभासदांच्या नोंदींचे. कोण केव्हा लागला, सेवापुस्तकात कोणत्या वर्षाची नोंद राहिली, कोणाची वेतनपडताळणी झाली नाही, कोणाचे अंशराशीकरण केव्हा पंधरा वर्षांचे होते, कोणाला ऐंशी वर्षे पूर्ण होतात, हे ज्या संघटनेच्या वहीत आहे, तिच्याकडे लेखा विभागाला दुर्लक्ष करता येत नाही. अंशराशीकरणाचा भाग पूर्ववत होण्याची तारीख पुष्कळदा पेन्शनरच्याही स्मरणात नसते. जन्मतारखेच्या पुराव्याअभावी ऐंशीनंतरची वाढीव पेन्शन अडते. अशा बाबतीत संघटनेचे एक पोस्टकार्ड, आता एक भ्रमणध्वनी संदेश, मोर्चाहून अधिक परिणामकारक ठरतो.

या नोंदींत सर्वांत दुर्बळ जागा आहे ती विधवांची. झाडूकाम, बिगारी, पाणीपुरवठा अशा खात्यांतील अनेक सेवकांच्या पत्नींचे नाव सेवापुस्तकात एक, शिधापत्रिकेवर दुसरे आणि आधारवर तिसरे असते. पती गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होण्यासाठी या तिन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचे सिद्ध करावे लागते. गावी राहणाऱ्या बाईला हे कोण समजावणार? पतीच्या हयातीतच संयुक्त खाते, संयुक्त छायाचित्र आणि नावाची दुरुस्ती करून घेणे, हा यावरचा स्वस्त उपाय आहे. तरीही बहुतेक संघटनांत कुटुंब निवृत्तिवेतनधारक महिला सभासद म्हणून असतात, कार्यकारिणीत नसतात. ज्यांचे प्रश्न सर्वाधिक, त्यांना आवाज सर्वांत कमी, ही स्थिती बदलावयास हवी.

नोव्हेंबरातला हयातीचा दाखला हा आणखी एक वार्षिक प्रसंग. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने ‘जीवन प्रमाण’ ही अंकीय दाखल्याची सोय सुरू केली; २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याचीही सोय झाली. आयुष्यभर फावडे आणि झाडू धरलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, ही तक्रार त्यामुळे काहीशी कमी होऊ शकते. पण त्यासाठी चालणारा फोन, नेटवर्क आणि हे करून देणारा माणूस लागतो. केंदूरसारख्या गावात तो बहुधा नातू असतो. नातू शिक्रापूर-सणसवाडीच्या कारखान्यात पाळीवर असला की काम अडते. दाखला पोहोचला नाही की पेन्शन थांबते, आणि थांबलेली पेन्शन सुरू करण्यासाठी पुन्हा पुण्याची वारी.

शहरात कार्यालय, शहरात सभा आणि शहरातच कार्यकारिणी, हा जुना साचा यापुढे पुरणारा नाही. शहर तर नगर रस्त्याने गावाकडे सरकतेच आहे. २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली त्यांत वाघोलीही होती. ग्रामपंचायतींचे कर्मचारी महापालिकेचे झाले, आणि त्यांच्या आधीच्या सेवेचे काय, हा प्रश्न निवृत्तीच्या वेळी उभा राहणारच आहे. संघटनेचा सभासद आता एका शहरात राहत नाही. शिरूर, खेड, दौंड, पुरंदर असे तालुकावार प्रतिनिधी, वर्षातून दोन वेळा शिक्रापूर किंवा राजगुरुनगरला शिबिर, आणि त्या शिबिरात महापालिकेच्या लेखा विभागाचा एक लिपिक, एवढी व्यवस्था झाली तरी शेकडो फेऱ्या वाचतील. त्यासाठी नवा कायदा नको; एक परिपत्रक पुरे.

२००५ ची रेघ

या सर्वांहून गंभीर प्रश्न संघटनांच्या आयुष्याचा आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांना आधी परिभाषित अंशदान योजना आणि पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संप केला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि महाराष्ट्राने तत्परतेने तिचा स्वीकार करण्याचे ठरविले. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, हा तिचा गाभा. पण स्थानिक संस्थांपर्यंत प्रत्येक गोष्ट तीन पायऱ्या उतरूनच येते, हे येथेही खरे.

सोपा हिशेब केला तरी चित्र स्पष्ट होते. ऑक्टोबर २००५ मध्ये बावीस वर्षांचा असताना लागलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी, २०४१ च्या सुमारास निवृत्त होईल. त्यानंतर जुन्या पेन्शनचा नवा सभासद संघटनेला मिळणार नाही. आजच्या बहुतेक संघटनांच्या मागण्यांची यादी जुन्या पेन्शनभोवतीच फिरते. नव्या योजनेतील निवृत्ताचे प्रश्न वेगळे आहेत. त्याचे आणि पालिकेचे अंशदान वेळेवर खात्यात जमा झाले काय, जुन्या योजनेतील रक्कम नव्या खात्यात पूर्ण वळती झाली काय, मृत्यूनंतर कुटुंबाला काय मिळणार, हे ते प्रश्न. त्यांची उत्तरे शोधण्याची तयारी नसेल, तर हा वर्ग संघटनेकडे येणार नाही. जुन्यांची संख्या दर वर्षी घटत जाईल आणि घटत्या संख्येकडे पाहून विलंब करणे प्रशासनाला आणखी सोपे होईल.

रेघेच्या पलीकडे आणखी एक वर्ग उभा आहे. ठेकेदाराकडून नेमलेले सफाई कामगार, सुरक्षारक्षक, वाहनचालक. काम महापालिकेचे, गणवेश महापालिकेचा, पण पेन्शन महापालिकेची नाही. भविष्यनिर्वाह निधीची कपात नियमित झाली असेल तर त्यांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा आधार. तीत सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन ठरली ती दरमहा १,००० रुपये. या रकमेत वाढ व्हावी म्हणून बुलढाण्यात निवृत्तांनी डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण आरंभले. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालील त्या आंदोलनाने देशभरातील विखुरलेल्या निवृत्तांना एका मागणीभोवती एकत्र आणले. कारखाने, महामंडळे, सहकारी संस्था अशा वेगवेगळ्या ठिकाणी काम केलेल्यांची संघटना होऊ शकते, तर एकाच शहराचे रस्ते झाडलेल्या दोन माणसांची का होऊ नये? एकाच्या हाती नेमणूकपत्र होते आणि दुसऱ्याच्या हाती नव्हते, एवढाच त्यांच्यातील फरक आहे.

कायम सेवेतील निवृत्तांनी ठेकेदारी कामगारांना सामावून घ्यावे, ही अपेक्षा आज पुष्कळांना अवास्तव वाटेल. तथापि न्यूयॉर्कचा धडा विसरता येत नाही. कामावर असलेल्यांनी निवृत्तांच्या हिताशी तडजोड केली, तेव्हा निवृत्तांना एकटे लढावे लागले. आज जुनी पेन्शन असलेल्यांनी नव्यांकडे पाठ फिरविली, तर उद्या त्यांच्या विलंबाबद्दल बोलायला महापालिकेत कोणीच उरणार नाही.

महापालिकेचाही लाभ

प्रशासनाने निवृत्तांच्या संघटनेकडे तगादा लावणाऱ्यांचा घोळका म्हणून पाहणे सोडले, तर तिचा उपयोग त्यालाच अधिक आहे. निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून प्रकरणाची तयारी सुरू व्हावी, अशी १९८२ च्या नियमांचीच अपेक्षा आहे. ती पाळली तर संघटनेचे निम्मे काम संपेल. पुढील चोवीस महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांची खातेनिहाय यादी आणि प्रत्येक प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, हे दरमहा प्रसिद्ध झाले पाहिजे. तिमाही पेन्शन अदालत व्हावी आणि तिचे इतिवृत्त सर्वांना पाहता यावे. महागाईची वाढ राज्याने जाहीर केल्यापासून किती दिवसांत लागू होईल, याची मुदत सभागृहाने ठराव करून ठरवावी. मुदत चुकली तर कारण लेखी द्यावे. यांतील एकाही गोष्टीसाठी तिजोरीवर मोठा भार पडत नाही. पडतो तो केवळ सवयींवर.

संघटनांनीही आपल्या घरात पाहावे. एकच अध्यक्ष पंधरा-वीस वर्षे, हा मान असतो तसा धोकाही असतो. प्रत्येक पदाला मुदत, कार्यकारिणीत विधवांना आणि नव्या योजनेतील निवृत्तांना जागा, वर्गणी आणि देणग्यांचा हिशेब वार्षिक सभेत उघड, आणि प्रकरणे मार्गी लावण्यासाठी सभासदाकडून पावतीशिवाय एक रुपयाही घेतला जाणार नाही, हा नियम. ज्या संस्थेची शक्ती संपात नाही, संख्येतही फार काळ राहणार नाही, तिची शक्ती विश्वासातच असणार.

आठव्या वेतन आयोगाचा अहवाल येईल, तो स्वीकारला जाईल, राज्याची समिती बसेल आणि मग महापालिकेचा प्रस्ताव मंत्रालयात जाईल. मागचा अनुभव पाहता ही वाट पुन्हा काही वर्षांची असेल. प्रस्ताव तयार ठेवण्याचे आणि सेवापुस्तके पूर्ण करण्याचे काम अहवालाची वाट न पाहता आजच सुरू करता येते. ते आज झाले नाही, तर आयोगाचा लाभ पुन्हा एकदा काही जणांच्या वारसांनाच मोजून घ्यावा लागेल.